शंभर टक्के कशाचे?

मुलगी आत आली, खुर्चीच्या कडेवर बसली आणि म्हणाली, "माझी आई खोटारडी होती का, एवढंच मला सांगा. होती असं निघालं तरी चालेल. पण सांगणाऱ्याला त्यातलं कळत असलं पाहिजे."

वहिनींना हे बोलणं आवडलं. काही आवडलं की त्या चष्मा काढून पुसत. नावडलं की चष्म्यातूनच समोरच्याकडे बघत राहत. विमा कंपनीत लोकांचे खोटे दावे पकडण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. निवृत्त झाल्यावर त्या तेच काम स्वतःच्या घरी करू लागल्या. शहरात सगळे त्यांना वहिनी म्हणत, कारण त्यांचे धाकटे दीर त्यांना तशी हाक मारत आणि ते कायम त्यांच्या बरोबर असत. हे भावोजी चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. गाडी तेच चालवत. डोकंही चालवत, पण गाडी बरी चालवत.

मुलीने सांगितलं ते थोडक्यात असं. आईचं आयुष्य एका संशोधन संस्थेत गेलं, मेंदूवरच्या औषधांच्या कामात. तिने एक औषध शोधलं आणि ते कसं चालतं हेही शोधलं. संचालक म्हणाले, निकाल फारच नीट आहेत, म्हणजे रचलेले असणार. बाहेरून एक परीक्षक बोलावले. सगळ्यांसमोर प्रयोग पुन्हा झाला आणि फसला. दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागली की अमुक बाईंचे निकाल संस्थेला मान्य नाहीत. महिन्याभरात आई गेली. डॉक्टरांनी हृदयविकार लिहिलं. मुलीने याबद्दल आणखी काही सांगितलं नाही आणि वहिनींनी विचारलं नाही.

"ते औषध काय करायचं?" वहिनींनी विचारलं.

मुलीने नीट सांगितलं, पाठ असल्यासारखं. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी रसायनांतून बोलतात. बोलून झालं की ते रसायन परत आत गोळा करावं लागतं, नाहीतर एकच शब्द घुमत राहील. हे काम पेशीच्या भिंतीतली काही प्रथिनं करतात. त्यांना वाहक म्हणतात. वाहक म्हणजे जणू एक दार. आधी बाहेरच्या बाजूला उघडतं, रसायन घेतं, मग आतल्या बाजूला उघडून ते आत सोडतं. नैराश्यावरची बरीच औषधं या दारात अडकून बसतात, म्हणजे रसायन बाहेर जास्त वेळ टिकतं. आईचं औषधही तसंच होतं. पण आई म्हणायची, ते एकट्याच्या जोरावर बसत नाही. पेशीची भिंत चरबीची असते. तिच्यातलं कोलेस्टेरॉल दाराला खेटून असतं आणि दार बाहेरच्या बाजूला उघडं धरून ठेवतं. ते काढून घेतलं की दार आत कलतं आणि आईचं औषध निसटतं. बाजारातलं जुनं औषध मात्र दार कसंही असलं तरी बसतं.

"म्हणजे चौकट हलली की कडी बसत नाही," भावोजी म्हणाले.

"आईनं मला हे आमच्या स्वयंपाकघराच्या दारावरच दाखवलं होतं," मुलगी म्हणाली.

कोलेस्टेरॉल काढायचं कसं, हे वहिनींनी विचारून घेतलं. साखरेसारखी दिसणारी एक पांढरी पूड असते. कोमट पाण्यात ती विरघळवायची आणि पेशी त्यात अर्धा तास भिजवायच्या. पूड भिंतीतलं कोलेस्टेरॉल ओढून घेते, पेशी मरत नाहीत. आईने तसं करून पाहिलं होतं: कोलेस्टेरॉल काढलं की औषध चालेना, परत घातलं की चालू लागे.

"ती पूड आता कुठं आहे?"

"संचालकांच्या खोलीत. प्रात्यक्षिकाच्या आधीच त्यांनी आईचं कपाट रिकामं करून सगळं नेलं. पूड, औषधं, तिचा चहाचा कपसुद्धा."

"कप कशाला?"

"पुरावा म्हणून."

"मग कपानं काय जबाब दिला?" वहिनी म्हणाल्या आणि चष्मा पुसू लागल्या.

संचालकांच्या खोलीत सूक्ष्मदर्शक नव्हता. भिंतीवर फोटो होते. प्रत्येक फोटोत ते कोणाचा तरी हात हातात घेऊन कॅमेऱ्याकडे बघत होते. ज्याचा हात धरलाय त्याच्याकडे ते एकाही फोटोत बघत नव्हते.

मयताच्या मुलीला नाही कसं म्हणायचं, म्हणून आपण वेळ दिला, असं त्यांनी आधीच ऐकवलं. बाई चांगल्या होत्या, म्हणाले, पण भावनाप्रधान. चरबीचं खूळ डोक्यात घेतलं होतं. "अहो, चरबी म्हणजे वेष्टन. मिठाई खाताना खोकं कोणी खातं का?"

मग त्यांनी पडद्यावर तीन खांब दाखवले. औषध न घातलेल्या पेशींनी रसायन किती उचललं: शंभर टक्के. जुनं औषध घातल्यावर: दहा. बाईंचं औषध घातल्यावर: पंच्याण्णव. "पाहिलंत? जुनं औषध झक्क चाललं. म्हणजे पेशी ठीक, यंत्र ठीक. बाईंचं औषध तेवढं पाणी."

"शंभर टक्के कशाचे?" वहिनींनी विचारलं.

"म्हणजे?"

"दुकानदारानं निम्मी सूट लावली की मी मूळ किंमत विचारते. सवय आहे."

लहान मुलांसाठी राखून ठेवलेलं हसू संचालकांनी त्यांना दिलं. औषध न घातलेल्या पेशी जेवढं उचलतात तेवढ्याला शंभर धरायचं, मग ते कितीही असो. सगळीकडे असंच करतात. रोजचे आकडे थोडे वरखाली होतात, म्हणून मूळ आकडे कोणी दाखवत नाही आणि कोणी मागतही नाही.

वहिनींनी चष्मा काढला नाही.

भावोजींनी विचारलं की त्या दिवशी प्रयोग कोणी केला. पहिला भाग स्वतः केला, असं संचालकांनी अभिमानाने सांगितलं. पेशी पोषक रसात वाढतात. प्रयोगाआधी तो रस मिठाच्या कोमट पाण्याने धुऊन काढावा लागतो. बाईंना हातचलाखी करता येऊ नये म्हणून त्यांना लांब उभं केलं होतं. "वर्षानुवर्षं पिपेटला हात लावला नव्हता मी. आमच्याकडे ती मुलांची कामं. पण न्यायाचा प्रश्न होता. पेशी मी स्वतः धुतल्या."

पाण्याची बाटली पेशींच्या खोलीतल्या बाईंनी तयार केली होती, हेही त्यांनी न विचारता सांगितलं.

त्या बाई म्हणजे आईची जुनी मैत्रीण. मुलगी तिला मावशी म्हणायची. पेशी वाढवणं हे तिचं काम. आता ती आईच्याच टेबलावर बसत होती, कारण तिथे उजेड चांगला होता. तिने खुर्ची दिली नाही.

पाणी मीच केलं, ती म्हणाली. सकाळपासून बाटली गरम पाण्याच्या टबात होती, उघड्या खोलीत. कोणीही येऊन जाऊ शकत होतं. सकाळी पेशी सूक्ष्मदर्शकाखाली परीक्षकांना दाखवल्या तेव्हा अगदी उत्तम होत्या. नेहमीच्याच रसात वाढलेल्या, नेहमीसारख्या.

"तुमचा विश्वास होता तिच्या म्हणण्यावर?"

"होता."

"त्या दिवशी बोललात?"

मावशीने टेबलावरची बाटली उगाच सरळ केली. "मला नोकरी टिकवायची होती."

"टिकली," वहिनी म्हणाल्या आणि उठल्या.

आईच्या पदावर आता तिच्या हाताखालचे एक तरुण संशोधक होते. संस्थेत त्यांना धाकटे डॉक्टर म्हणत. त्यांनी दोघांना बोळातून आपल्या खोलीकडे नेलं. भिंतीलगत पिवळे डबे रांगेने मांडले होते. त्यातल्या एकावर भावोजींचा अंगठा आपटला.

"त्यांना धक्का लावू नका," धाकटे डॉक्टर म्हणाले. पेशींनी किती रसायन उचललं ते मोजता यावं म्हणून त्यात किरणोत्सारी खूण घातलेली असते. प्रयोगाच्या टेबलावर पेशींवरून ओढून घेतलेलं सगळं पाणी, पहिल्या धुण्याचंसुद्धा, एकाच नळीने डब्यात जातं. मोरीत ओतायला बंदी आहे. खुणेचा जोर ओसरायला वर्षं लागतात, तोवर डबे तारखेच्या चिठ्ठ्या लावून पडून राहतात.

"म्हणजे विज्ञानाचं उष्टंखरकटं," भावोजी अंगठा चोळत म्हणाले.

धाकटे डॉक्टर हुशार होते आणि ते त्यांना माहीत होतं. चरबीचा सिद्धान्त आपल्याला कधीच पटला नाही, ते म्हणाले. अजूनही पटत नाही. पण बाईंचं ऐकलं असतं तर काय झालं असतं ते त्यांनी मजेत सांगितलं. त्याच दारात बसणाऱ्या, संस्थेच्याच दुसऱ्या एका औषधासाठी एका कंपनीशी करार ठरत आला होता. कोलेस्टेरॉलचा संबंध मान्य केला, तर कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांवर तेही औषध वेगळं तपासावं लागणार. "म्हणजे निम्म्या म्हाताऱ्या जगावर. कंपनीनं धूम ठोकली असती. सरांनी तर करारासाठी नवा सूट शिवला होता."

"त्या दिवशी वेगळं काही घडलं?"

"काही नाही. मी चिडलो होतो, तेवढंच." सरांनी पेशींवर धुण्याचं पाणी ओतलं आणि ते ओढून न घेता सगळ्यांना चहाला नेलं. धुणं म्हणजे ओतायचं आणि लगेच काढायचं. बाई म्हणाल्याही की पेशी अशा पाण्यात ठेवून जाऊ नका. तर सर म्हणाले, मिठाच्या पाण्यानं कोणी मेलंय का? पेशींचं तबक कोमट पाटावरच राहिलं. "मी असं केलं असतं तर सरांनी मला भर सभेत सोललं असतं."

"चहा किती वेळ चालला?"

"परीक्षकांनी आपल्या परदेशवारीची गोष्ट सांगितली. सगळी."

वहिनींनी त्यांच्याकडे दोन गोष्टी मागितल्या: त्या दिवशीचे मूळ आकडे यंत्रातून काढून ठेवा, आणि त्या दिवसाचा डबा कोणाला हलवू देऊ नका. आकडे आपण पाहिले नव्हते हे धाकट्या डॉक्टरांनी कबूल केलं. टक्के पाहिले होते.

गाडीत भावोजींनी निकाल जाहीर केला. मावशी. पाणी तिचं, टेबल तिला मिळालं, आणि बोलताना नजर खाली.

"भावोजी, तुमचं एक बरं आहे," वहिनी म्हणाल्या. "जो खाली बघेल तो चोर. मग वर बघून चोरी करणाऱ्यांनी कुठं जावं?"

पुढच्या आठवड्यात वहिनींनी सगळ्यांना संस्थेच्या बैठकीच्या खोलीत बोलावलं. परीक्षकही आले होते. आत शिरताच आधी सरबराईकडे बघणारे हे गृहस्थ. आज टेबलावर काहीच नाही हे बघून ते जरा खिन्न झाले. मुलगी मावशीपासून दूर बसली.

"मला विज्ञान येत नाही," वहिनींनी सुरुवात केली. "पण खोटे दावे येतात. घर जळालं म्हणून माणूस भरपाई मागतो तेव्हा मी जळलेलं सामान बघत नाही. आधी सामान किती होतं ते बघते. डॉक्टर, सांगा."

धाकट्या डॉक्टरांनी तेच तीन खांब पडद्यावर लावले आणि हातातल्या कागदावरचे मूळ आकडे वाचले. औषध न घातलेल्या पेशींनी त्या दिवशी नेहमीच्या निम्म्याहून कमी रसायन उचललं होतं. रोजचा चढउतार एवढा नसतो. पण त्या निम्म्यालाच शंभर म्हटलं गेलं, म्हणून पडद्यावर काही दिसलं नाही.

"म्हणजे घर आधीच जळालं होतं," वहिनी म्हणाल्या. "औषध घालण्यापूर्वीच वाहकांना काहीतरी झालं होतं. सकाळी पेशी उत्तम होत्या. त्या तुम्ही पाहिल्यात, परीक्षक. मग बिघाड झाला तो धुताना. आणि बिघाडही कसा? जुनं औषध चालतं, बाईंचं तेवढं चालत नाही. असा नेमका परिणाम कशाने होतो ते बाईंनीच सांगून ठेवलं होतं. कोलेस्टेरॉल काढल्याने."

संचालक हसले. "पाणी कोणी केलं ते विचारा."

"यांनी. आणि पूड यांनीच घातली असं भावोजींना वाटलं. मलाही क्षणभर वाटलं." मावशीने मान वर केली. "पण पूड घालून भागत नाही. पेशी तिच्यात अर्धा तास भिजाव्या लागतात, कोमट. रोजच्यासारखं ओतून लगेच काढलं असतं तर काही झालं नसतं. यांनी बाटलीत विष कालवलं असतं तरी मधेच चहाची सुट्टी होणार हे यांना कुठून कळणार? ती सुट्टी ज्याने दिली त्यालाच पुडीचा उपयोग होता. जो माणूस कधी पिपेट धरत नाही तो त्या दिवशी धरतो. इतरांना ज्या चुकीसाठी सोलतो ती स्वतः करतो. आणि पूड त्या वेळी कोणाच्या कपाटात होती? चहाच्या कपाशेजारी."

"बाईंच्या सिद्धान्तावर माझा विश्वास नव्हता, हे जगजाहीर आहे," संचालक म्हणाले. "मग मी कोलेस्टेरॉल कशाला काढीन?"

"तेच तर. डॉक्टरांचा खरंच विश्वास नाही. त्यांना प्रयोग बिघडवायचा असता तर त्यांनी पेशी उकळल्या असत्या. हा घाव नेमका इथेच बसेल हे ज्याला पटलं होतं त्यानेच तो घातला. बाई खरं बोलतात यावर या इमारतीत सगळ्यात जास्त श्रद्धा तुमची होती, सर."

"हा सगळा तर्क आहे."

"हो. म्हणून तो पिवळा डबा."

परीक्षकांनी नाइलाजाने कागद काढला. त्या दिवसाच्या डब्यातला नमुना त्यांनी स्वतः दुसऱ्या प्रयोगशाळेत नेऊन तपासून आणला होता. पूड सापडली. तिच्या पोटात कोलेस्टेरॉलही सापडलं.

मग संचालक संस्थेबद्दल बोलू लागले. किती लोकांचं पोट या करारावर होतं, विज्ञानात कधी कधी कसे कठोर निर्णय घ्यावे लागतात, एका व्यक्तीपेक्षा काम कसं मोठं असतं. ते छान बोलत. बक्षीस समारंभात याच वाक्यांना टाळ्या पडत असाव्यात. आज ती एकेक करून टेबलावर पडली आणि तिथेच राहिली.

"एक राहिलं," वहिनी मुलीकडे वळून म्हणाल्या. "तुझ्या आईचं म्हणणं काय होतं? कोलेस्टेरॉल काढा, जुनं औषध टिकेल, माझं निसटेल. त्या दिवशी कोलेस्टेरॉल काढलं गेलं. जुनं टिकलं, तिचं निसटलं. परीक्षकांसमोर, आणि तिचा हात न लागता. प्रयोग फसला नव्हता. यांना ती खोटी ठरवायची होती आणि यांनी तीच खरी करून दाखवली."

धाकट्या डॉक्टरांनी पडद्यावरच्या तीन खांबांकडे पाहिलं, मग हातातल्या आकड्यांकडे, आणि ते खाली बसले.

मुलगी वहिनींकडे वळली. मग तिने विचारलं, "तिला हे कळलं असेल का? त्याच वेळी?"

"माहीत नाही," वहिनी म्हणाल्या. "मूळ आकडे तिला कोणी दाखवले नाहीत. उगाच हो म्हणणार नाही मी."

"बरं."

मावशी उठून तिच्याजवळ आली आणि काय करावं ते न सुचून उभी राहिली. मुलीने तिच्यासाठी शेजारची खुर्ची ओढली नाही, पण जा असंही म्हणाली नाही.

परीक्षकांना आता घाई झाली. फलकावरची सूचना आजच काढू, ते म्हणाले. संचालकांच्या बाबतीत वर कळवू. बाईंचा एक मोठा फोटो दालनात लावू, हार घालू, दोन शब्द मी स्वतः बोलेन.

"फोटो नको," मुलगी म्हणाली. "प्रयोग छापा. त्या दिवसाचा, जसा झाला तसा. मूळ आकड्यांसकट, चहासकट. आईचं नाव पहिलं."

"अवश्य, अवश्य. आणि यांचं नाव अर्थातच कुठंही..."

"ते का काढायचं?" मुलीचा आवाज चढला नाही. "तुमच्या लेखांच्या शेवटी कोणी काय काम केलं ते लिहायची पद्धत आहे ना? आई फार काटेकोर होती त्यात. कोणी नुसत्या बाटल्या विसळल्या तरी ती त्याचं नाव घालायची. कल्पना: आई. पेशी वाढवल्या: मावशी. मोजणी: डॉक्टर."

तिने एक कोरा कागद टेबलावरून संचालकांपुढे सरकवला.

"पेशी धुतल्या: संचालक. कशानं आणि किती वेळ, तेही. खाली सही."

संचालकांनी कागदाकडे पाहिलं. मग सवयीने उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. लिहून द्यायला कोणी उठलं नाही.